जायची वाट, जाता येईल ती वाट आणि जायचं नाही ती वाट

आज मागे जो आवाज येतोय तो पावसाचा आहे. एडिट करून काढायचा प्रयत्न केला, नाही निघाला, तेव्हा चालवून घ्या. मी गावी आलोय, आहुप्याला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: पुणे जिल्हा, आंबेगाव तालुका. घोडेगाव सोडलं की डिंभे धरणाच्या पाण्याकडेने रस्ता वर चढत येतो आणि शेवटाला आहुपे. त्याच्या पुढे कडा, आणि कड्याखाली मुरबाडकडचं कोकण.

तर आजचा विषय. एकाने मेसेज केला होता: "दादा, साधी वाक्यं जमतात. पण 'ज्याच्याशी बोलता येईल असा माणूस', 'जे आधी करायला हवं ते काम' असलं काही म्हणायची वेळ आली की इंग्रजीत तोंड बंद होतं." व्याकरणात याला रिलेटिव्ह क्लॉज आणि त्यातले मोडल व्हर्ब म्हणतात. कॅन, कुड, शुड, मस्ट, माइट, वुड, ही ती मंडळी. नावं विसरलात तरी काही बिघडत नाही. मी याच ठिकाणी कसा आपटलो ते आधी सांगतो.

बीटेकच्या दुसऱ्या वर्षाची सुट्टी. जूनचा शेवट, पाऊस चांगला लागलेला. चार ट्रेकर आले, मराठी नाही, हिंदी नाही, फक्त इंग्रजी. त्यांना आहुपे घाटाने खाली खोपिवलीला उतरायचं होतं. घरासमोर मी उभा, गावातला 'इंजिनिअर'. नाना, म्हणजे माझे चुलते, गोठ्यापाशी. समोर दोन वाटा फुटतात. एक घाटाकडे जाते. दुसरी गुरांची, कड्याच्या अंगाला जाणारी. उन्हाळ्यात तिच्यावरून बऱ्यापैकी खाली जाता येतं, पावसात शेवाळ असतं आणि धुक्यात कडा दिसतच नाही. त्यांनी नेमकं त्या दुसऱ्या वाटेकडे बोट दाखवलं.

मला म्हणायचं होतं: ह्या वाटेने जाता येतं, पण पावसात जायचं नाही. मी म्हणालो, "धिस इज अ पाथ यू कॅन टेक. बट इन रेन, यू डोन्ट हॅव टू गो." त्यातला एक हसला आणि म्हणाला, "वी नो! बट वी वॉन्ट टू!" आणि निघाले की!

मला वाटलं हे लोक वेडे आहेत. मी सांगतोय जाऊ नका, आणि हे म्हणतात आम्हाला जायचंय.

आता बघा काय झालं ते. आमच्या पिढीला पहिलीपासून इंग्रजी आहे. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये २००० सालापासून ते सुरू झालं. शाळेत माझ्या डोक्यात एक समीकरण बसलं: 'हॅव टू' म्हणजे 'यचं आहे'. आय हॅव टू गो, मला जायचं आहे. मग 'डोन्ट हॅव टू' म्हणजे 'यचं नाही'. गणित एकदम बरोबर, उत्तर साफ चूक. मराठीत 'तिथे जायचं नाही' म्हणजे मनाई. इंग्रजीत 'डोन्ट हॅव टू' म्हणजे फक्त सक्ती नाही. गरज नाही, हौस असेल तर जा. म्हणजे ते ट्रेकर वेडे नव्हते. मी त्यांना म्हणालो होतो, "जाता येईल अशी वाट आहे, पण जायलाच पाहिजे असं काही नाही." त्यावर माणूस काय म्हणेल? आम्हाला हौस आहे!

मनाईसाठी शब्द आहे 'मस्टन्ट', बोलताना पहिला ट गळतो, 'मसन्ट' असा ऐकू येतो. किंवा सरळ 'शुडन्ट'. अ पाथ यू मस्टन्ट टेक. देवराईचं उदाहरण घ्या. देवराईतली झाडं तोडायची नाहीत, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. 'द ट्रीज यू मस्टन्ट कट' म्हणालात तर देवराई राहिली. 'द ट्रीज यू डोन्ट हॅव टू कट' म्हणालात तर कुऱ्हाडवाल्याला तुम्ही फक्त सुट्टी दिलीत, आज राहू दे म्हणालात.

खरी गंमत आपल्या 'यचा' मध्ये आहे. हा प्रत्यय किती कामं करतो बघा. प्यायचं पाणी म्हणजे पिता येईल असं पाणी, पिण्यासाठी वेगळं ठेवलेलं पाणी, दोन्ही. द्यायचे पैसे म्हणजे द्यावेच लागतील असे. आणि यायचे पैसे? हिरडा विकला, व्यापाऱ्याकडून पैसे यायचेत. ते येतील अशी अपेक्षा आहे, त्याच्यावर सक्ती करायला आपण कोण! मराठीत तिन्हीकडे एकच 'यचा', बाकी ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी तुम्हाला तसं सोडत नाही. वॉटर यू कॅन ड्रिंक. मनी वी मस्ट पे. मनी दॅट शुड कम बाय फ्रायडे. हा 'शुड' उपदेशाचा नाही हां, अंदाजाचा आहे. आणि व्यापारी तसाच असेल तर 'मनी दॅट माइट कम'. म्हणजे प्रत्येक वेळी तुम्हाला ठरवावं लागतं: शक्य आहे, बरं आहे, भाग आहे, की नुसती आशा आहे? मराठीतून थेट उचललं की हे ठरवायचंच राहून जातं. माझं तेच झालं.

आता वाक्य बांधायचं कसं. मराठीत वर्णन आधी येतं, वस्तू शेवटी: 'पावसात जाता येईल अशी वाट'. इंग्रजीत वस्तू आधी टाकायची. पाथ. मग कोण: यू. मग मोडल: कॅन. मग साधं क्रियापद: टेक. मग उरलेलं: इन द रेन. अ पाथ यू कॅन टेक इन द रेन. मध्ये 'दॅट' घातलं तर चालतं, बोलताना बहुतेक लोक गाळतात. पण माणूस किंवा वस्तू स्वतःच काही करत असेल तर गाळता येत नाही: समवन हू कॅन हेल्प. इथे 'हू' गेला तर वाक्य कोसळतं.

दोन खड्डे सांभाळा. पहिला, आपला 'जो-तो'. 'जी वाट घ्यायची ती वाट' हे आपण 'विच पाथ यू शुड टेक, दॅट पाथ' असं करतो. समोरच्याला कळतं, पण तो थांबून जोडाजोडी करतो. दुसरा, शेवटी चिकटणारा 'इट'. 'द पाथ यू कॅन टेक इट' नाही. पाथ एकदा बोलून झालाय, परत नको. मोडलनंतर 'टू' पण नको, हे तर शाळेतच ऐकलं असेल.

आणि ज्याने मेसेज केला त्याचं वाक्य: ज्याच्याशी बोलता येईल असा माणूस. समवन आय कॅन टॉक टू. तो 'टू' शेवटी लोंबकळतो, लोंबकळू द्या. इज देअर समवन आय कुड टॉक टू? 'कॅन' ऐवजी 'कुड' घातला की विनंती मऊ होते. बँकेत, हॉस्पिटलमध्ये, कॉलेजच्या ऑफिसात हे एक वाक्य पाठ असू द्या. इंटरव्ह्यूच्या शेवटी विचारायचं असेल तर: इज देअर एनिथिंग आय शुड रीड बिफोर आय जॉइन?

उच्चाराचं एक राहिलं. आपण 'कॅन' ठासून म्हणतो. इंग्रजी मातृभाषा असलेले लोक वाक्यात त्याचा 'कन्' करतात आणि जोर पुढच्या क्रियापदावर देतात. नकाराला मात्र जोर असतो. अमेरिकन लोक नकाराचा 'कॅन्ट' म्हणतात आणि त्यातला ट जवळजवळ गिळतात. त्यामुळे तुम्ही ठासून 'यू कॅन टेक' म्हणालात की त्यांना 'कॅन्ट' ऐकू येऊ शकतं. 'कन् टेक' म्हणा, टेकवर जोर.

आमच्या धंद्यात तर यावर कागदच आहे. १९९७ च्या मार्चमध्ये स्कॉट ब्रॅडनर यांनी 'आरएफसी २११९' लिहिला. इंटरनेटच्या नियमांमध्ये मस्ट, शुड, मे या शब्दांचा अर्थ काय घ्यायचा एवढंच त्यात सांगितलंय. मस्ट म्हणजे दुसरा पर्याय नाही. शुड म्हणजे ठोस कारण असेल तर सोडता येईल, पण परिणाम समजून घेऊन. मे म्हणजे खरोखरच तुमची मर्जी. इंजिनिअर लोकांनाही हे लिहून द्यावं लागलं! मी पहिल्या नोकरीत 'टेबल्स वी कॅन डिलीट' असा मेसेज टाकला होता. मला म्हणायचं होतं, तांत्रिकदृष्ट्या उडवता येतील, पण आधी बोलू. सहकाऱ्याने ती परवानगी समजून उडवली. बॅकअप होता म्हणून वाचलो. 'टेबल्स वी कुड डिलीट, बट लेट्स टॉक फर्स्ट' लिहिलं असतं तर ती रात्र झोपेत गेली असती.

हां, ट्रेकरांचं काय झालं ते राहिलंच. ते वाटेला लागलेले बघून नाना गोठ्यातून तसेच धावले, डोक्यावर इरलं नाही, पायात काही नाही. नानांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. त्यांनी दोन्ही हात आडवे करून "नाय! नाय!" असा आवाज टाकला की चौघे जागेवर थांबले. मग त्यांना घाटाच्या वाटेपर्यंत स्वतः सोडून आले.

संध्याकाळी चुलीपाशी नानांनी विचारलं, "तुला म्हणायचं काय व्हतं रं त्यांना?" मी म्हणालो, "पावसात ह्या वाटेने जायचं नाही, एवढंच."

"आरं, मग मराठीतच वरडला असतास तरी फिरली असती की ती."