आधी शेजारीण, मग गिऱ्हाईक

(संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात प्रसारित झालेले भाषण)

संक्रांत आता अगदी तोंडावर आली. तीळ निवडून झाले असतील, गूळ आणून ठेवला असेल, आणि घरोघरी एकच विषय चालू असेल, यंदा वाण काय लुटायचं? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे हळदीकुंकवाची नुसती धांदल असते. एरवी जिच्याशी येता-जाता दोन शब्द बोलणं होतं, तीही या दिवसांत घरी येऊन घटकाभर टेकते. म्हणूनच घरी पापड, मसाले, चटण्या, पिशव्या करणाऱ्या बाईच्या मनात येतं, की तीस-चाळीस जणी आपणहून घरी येणार, मग आपल्या मालाची ओळख करून द्यायला यापेक्षा चांगला मुहूर्त कोणता?

मुहूर्त चांगलाच आहे. पण तो साधायचा कसा, हे मी चुकत चुकत शिकले. आज तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मी कोरड्या चटण्या करते. तिळाची, जवसाची, कारळ्याची, शेंगदाण्याची. काम सुरू केलं त्याच वर्षी संक्रांतीला मी मोठ्या हौसेनं हळदीकुंकू केलं. वाणाला स्टीलची वाटी दिली आणि प्रत्येक वाटीत एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर चटण्यांची नावं, भाव आणि माझा फोन नंबर. वर आणखी शहाणपण म्हणजे, अत्तर लावता लावता प्रत्येकीला सांगत होते, "ऑर्डर द्या हं, आजच लिहून घेते." बायका हसल्या, "बघू, सांगते" म्हणाल्या. रात्री झाडताना चार-पाच चिठ्ठ्या जिन्यात पडलेल्या सापडल्या. ऑर्डर एकही नाही.

उरलेल्या चिठ्ठ्या घेऊन चौथ्या दिवशी मी दारोदार निघाले. समोरच्या मावशींकडेही गेले. मावशींचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले, म्हणून मी त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाल्या, "अगं, बोलावणं करायला माझं दार दिसलं नाही, आणि चटणी विकायला बरं दिसलं?"

मैत्रिणींनो, मला काय बोलावं ते सुचेना. घरी आले आणि पुष्कळ विचार केला. चूक नुसती मावशींच्या बाबतीत नव्हती. ज्यांना बोलावलं होतं, त्यांच्याकडेही मी त्या दिवशी गिऱ्हाईक म्हणूनच पाहिलं होतं. बायका माझ्याकडे वाण घ्यायला आल्या होत्या, आणि मी वाणाच्या वाटीत भावपत्रक घातलं होतं. दिलेल्या वस्तूच्या मागे मागणी लपलेली असली की ते वाण उरत नाही. घेणारीला हे लगेच कळतं.

तेव्हापासून मी एक नियम केला. देण्याच्या दिवशी फक्त द्यायचं. विकायचं ते नंतर, आणि समोरचीनं विचारलं तर.

मग वाणात काय द्यायचं? आपण जे करतो तेच द्यावं. आपल्या प्रत्येकीच्या फडताळात वाणाच्या डब्या, वाट्या, कंगवे यांचा ढीग असतो. त्यापेक्षा खाऊन संपणारं वाण बरं. मी ५० ग्रॅम तिळाच्या चटणीचं पाकीट देते. खर्चाचं म्हणाल, तर समजा किलोभर चटणीला तीळ, सुकं खोबरं, लसूण, मिरची, मीठ मिळून ३२० रुपयांचं सामान लागलं. म्हणजे ५० ग्रॅमला १६ रुपये आणि पाकिटाचे २. चाळीस जणींना ७२० रुपये. २० रुपयांची वाटी दिली असती तर ८०० लागले असते. वाटी फडताळात जाते. चटणी दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर ताटात येते आणि घरातली चार माणसं ती चाखतात.

मात्र ही चटणी अगदी उत्तम असली पाहिजे. उरलेलं, शिळं, मोडकं वाणात घालू नका. तीळ मंद आचेवर, तडतडेपर्यंतच भाजावेत. पूर्ण गार झाल्यावर कुटावेत, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. खोबरं चाखून घ्यावं. एक खवट वाटी सगळा घाणा बिघडवते. हळदीकुंकवाच्या दोन-तीन दिवस आधीच करावी, महिनाभर आधी करून ठेवू नये. लसूण न खाणाऱ्यांसाठी चार-पाच पाकिटं वेगळी ठेवावीत.

पाकिटावर चिठ्ठी हवी, पण भावाची नको. पदार्थाचं नाव, त्यात काय काय घातलं आहे, वजन, केल्याची तारीख, किती दिवसांत संपवावी, शाकाहाराची हिरवी खूण आणि आपलं नाव, पत्ता, फोन. तीळ, शेंगदाणे काहींना सोसत नाहीत, म्हणून घटक नीट लिहावेत. आणि हो, खाण्याचा पदार्थ विकायचा तर घरगुती धंद्यालाही अन्नसुरक्षा खात्याची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. तिची फी वर्षाला १०० रुपये आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो, फोटो आणि ओळखपत्र लागतं. मिळालेला १४ आकडी क्रमांक पाकिटावर घालायचा. शेजारीपाजारी विकते म्हणून काय होतंय, असं म्हणू नका. उलट शेजारी तर रोज तोंड दाखवायचं असतं.

आता पुढची अडचण. पाकीट आवडलं, शेजारीण आली आणि म्हणाली, "अगं, आपल्यात कसले पैसे?" इथे भल्याभल्या ढिल्या पडतात. मीही पडले. सुरुवातीला निम्म्या भावात दिलं, वहीत उधारी लिहिली, आणि मागायची लाज वाटली म्हणून पुढे त्या शेजारणीचं दारच टाळायला लागले. पैसेही गेले आणि बोलणंही गेलं. नातं टिकवायचं असेल तर भाव आधी ठरवा.

तो असा ठरवायचा. किलोला सामानाचे ३२०, गॅस-विजेचे २०, शंभर ग्रॅमच्या दहा पाकिटांचे २०. तुमचे तीन तास धरले, तासाला ५० रुपये, तर मजुरीचे १५०. झाले ५१०. नासधूस आणि नफा मिळून ९० धरा. ६०० रुपये किलो, म्हणजे शंभर ग्रॅमचं पाकीट ६० रुपयांना. आपली मजुरी त्यात धरायला आपण विसरतो, कारण घरच्या कामाचे पैसे आपल्याला कुणी कधी दिलेले नसतात. पण हे घरकाम नाही. शेजारणीला हसून सांगा, "वाहिनी, वाण दिलं ते माझ्याकडून. हे पाकीट धंद्यातलं." एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

लिज्जत पापडाची सुरुवात तुम्हाला ठाऊक असेल. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. भांडवल ८० रुपयांचं, तेही उसनं घेतलेलं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तोटा आला तरी देणगी घ्यायची नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. धंदा हा धंद्यासारखा करायचा, कुणाच्या दयेवर नाही, हे त्या सात जणींना पहिल्या दिवसापासून कळलं होतं.

आणखी दोन गोष्टी. दुसरीच्या हळदीकुंकवाला गेलात तर तिथे आपल्या मालाचा विषय काढू नका. तो तिचा दिवस असतो. कुणी विचारलंच तर "उद्या घरी या" एवढंच म्हणा. आणि आपल्या गल्लीत दुसरी कुणी पापड, वाती, कापडी पिशव्या करत असेल, तर आपल्या घरच्या कार्याला तिच्याकडून विकत घ्या, रोख पैसे देऊन. मी वाणाची पाकिटं घालायला कापडी बटवे खालच्या मजल्यावरच्या मुलीकडून शिवून घेतले. पुढे तिच्याकडे बटवे घ्यायला येणाऱ्या बायका माझ्याकडेही यायला लागल्या.

आता मावशींचं सांगते. दुसऱ्या वर्षी बोलावणं करायला निघाले, ते पहिलं त्यांच्याच दारात गेले. "तिळगुळाला या," म्हटलं. त्या आल्या, दाराजवळच बसल्या. मी सगळ्यांना तिळगूळ, फूल आणि वाण सारखंच दिलं. हळदीकुंकवाचं तबक मध्ये ठेवलं, जिला लावायचं तिनं लावावं. एक वयस्कर काकू कपाळाला आठ्या घालून लवकर उठल्या, हेही खरं. पण बाकीच्या बसल्या, गप्पा झाल्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद केली. अख्खं गाव ठरवू शकतं, तर आपल्या एका घरातलं तबक कुणापुढे न्यायचं, हे आपण ठरवू शकतो.

त्यानंतर मावशींनी पाकिटं घेतली असतील असं तुम्हाला वाटेल. नाही घेतली. त्यांना तिखट सोसत नाही. पण तिसऱ्या दिवशी मला हाक मारून म्हणाल्या, "तीळ जास्त भाजलेस. मागून कडवट लागतं." घरी येऊन चाखून बघितलं, तर खरंच होतं. चाळीस जणींनी "छान झाली होती" म्हटलं होतं, आणि खरं एकीनंच सांगितलं. त्या दिवसापासून माझी आच कमी झाली आणि चटणी सुधारली. आज जी नेहमीची गिऱ्हाइकं आहेत, ती त्या सुधारलेल्या चटणीची आहेत.

म्हणून सांगते, या संक्रांतीला आपला माल जरूर पुढे करा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण शेजारणीला आधी शेजारीण म्हणून बोलावा, आणि बोलावताना एकही दार वगळू नका. गिऱ्हाईक व्हायचं की नाही, ते तिचं तिला ठरवू दे.

तिळगूळ घ्या, गोड बोला.