लिनक्सवर विंडोजचे खेळ

विंडोजसाठी रचलेले संगणकीय खेळ लिनक्सवर चालविण्याचा जो उद्योग १९९३ साली ‘वाइन’ प्रकल्पाने आरंभिला आणि ज्याला २०१८ साली व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘प्रोटॉन’ने मोठे बळ दिले, त्याचे मर्म असे की, येथे समग्र विंडोज यंत्राची नक्कल न करता खेळाची प्रत्येक मागणी लिनक्सला उमजेल अशा स्वरूपात तत्क्षणी रूपांतरित होते, आणि म्हणूनच बेताच्या कुवतीच्या संगणकालाही हे काम पुष्कळदा झेपते.

खरी कसोटी लागते ती ‘मॉड’, म्हणजे रसिकांनी मूळ खेळात घातलेली पदरची भर, बसविताना. २०११ च्या ‘स्कायरिम’ या खेळाचेच पाहा. लिनक्स रोमन लिपीतील लहानमोठ्या अक्षरांत भेद मानीत असल्यामुळे एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारीशेजारी निर्माण होतात आणि त्यांपैकी एकातील ऐवज खेळाला सापडतच नाही. सबब सर्व नावे आधीच लहान अक्षरांत करून घ्यावीत. काही मॉड स्वतःची डीएलएल, म्हणजे विंडोजच्या कार्यक्रमांना लागणाऱ्या सामायिक संकेतांची, फाइल आणतात; तिला वाइनच्या अंगभूत फाइलीहून अग्रहक्क देण्याची तजवीज सेटिंगमध्ये करावी लागते.

ग्राफिक्स कार्डाची मेमरी तुटपुंजी असेल, तर मॉडमधील विशाल टेक्स्चरांचा, म्हणजे खेळातील वस्तूंच्या पृष्ठभागांवर चढविलेल्या चित्रांचा, मोह कटाक्षाने टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण ४०९६ पिक्सेल बाजूचे चौरस चित्र १०२४ वर आणले की मेमरीवरील भार सोळाव्या हिश्श्यावर येतो. कार्डाला ‘व्हल्कन’ ही ग्राफिक्सची नवी प्रणाली ठाऊक नसल्यास ‘ओपनजीएल’ या जुन्या प्रणालीचा वाइनमधील मार्ग, काहीसा मंद असला तरी, खुला आहे.

मात्र पहिला मॉड घालण्यापूर्वी मूळ खेळाची एक प्रत दप्तरी अवश्य ठेवावी, ही विनंती.