वैशाखातला कातळ



घाटकोपर-मुलुंडकडची आमची कामगार पोरे सुटीच्या दिवशी बोरिवलीला कान्हेरीच्या आसपास, परवानगी विचारून, कातळ चढायला जातात. लेण्यांचा कातळ नव्हे. त्याला हात लावायचा नाही. आठवड्याची सुटी एकच. ती उन्हात करपवायची नसेल तर सावलीचा हिशेब यायला हवा.

विलायती पुस्तके सांगतात, उत्तरेची भिंत धरा, तिथे सदा सावली. तिकडे ते खरे. आपली मुंबई पडली १९ अंशांवर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. मग त्या भिंतीचा भरवसा काय धरायचा?

तेव्हा सकाळी पश्चिमेकडे तोंड असलेला कातळ घ्यावा, दुपार टळल्यावर पूर्वेकडचा. संध्याकाळ झाली म्हणून पश्चिमेच्या कातळाकडे वळू नये. दुपारभर प्यालेले ऊन तो काळोख पडल्यावरही ओकत असतो. भट्टीवर काम केलेल्याला हे सांगायला नको. पुढे झुकलेला कडा मिळाला तर उत्तमच. मात्र अशा आडोशाला आग्या मोहोळही बसते. आधी खालून नीट न्याहाळावे, आणि विडी तर पेटवूच नये.

आणखी एक. सगळे बघतात चढणाऱ्याकडे. खाली दोर धरणारा उन्हात उभा असतो, त्याची विचारपूस कोणी करीत नाही. त्याला भोवळ आली तर वरचा गेलाच! जागा निवडताना पहिली सावली त्याला द्या, पाणी पाजा, आणि दर चढाईनंतर माणूस बदला.