खोड, विष आणि पथ्य



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांनी याच शाळेत मला मराठी शिकवले. शब्द उच्चारण्यापूर्वी तो पारखून घ्यावा, असे ते सांगत. मी वैद्यकशास्त्राचा नव्हे, भाषेचा विद्यार्थी आहे. तरीही आज मुलांच्या एका व्याधीविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे. कारण ती माझ्या घरात आली तेव्हा माझी पहिली चूक शब्दाचीच झाली.

माझा नातू आठ वर्षांचा असताना एकाएकी डोळे मिचकावू लागला. पुढे खांदा उडू लागला, मग घसा खाकरणे सुरू झाले. मी म्हणालो, “खोड लागली आहे.” जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असे बजावणारी आपली भाषा, खोड मोडायची असते हेही शिकवते. मी रागावलो. त्याने मिचकावणे वाढले, तेव्हा मला दुसरा शब्द सुचला : विष. लष्करातल्या आमच्या लहानपणी अधूनमधून रविवारी सकाळी एरंडेल पाजले जाई. पोट साफ झाले की सारे दोष गेले, अशी घराघरांत श्रद्धा होती. मी नातवाला एरंडेल पाजले. त्याच्या आईवडिलांनी काळाला साजेसा मार्ग धरला. शरीरातील जड धातू काढणारे म्हणून विकले जाणारे थेंब आणले आणि गहू, दूध, साखर एकदम बंद केली. दीड महिन्यात मूल वाळले. एका रात्री ताटावर बसून त्याने विचारले, “आजोबा, मी काही वाईट खाल्लं, म्हणून माझे डोळे असं करतात का?” आयुष्यभर अध्यापन केलेल्या माझ्यापाशी या प्रश्नाला उत्तर नव्हते.

ते पुढे बालरोगतज्ज्ञांकडून मिळाले. या हालचालींना ‘टिक’ म्हणतात. झील द ला तूरेत या फ्रेंच वैद्याने १८८५ साली अशा नऊ रुग्णांचे वर्णन केले. हालचालींचे आणि आवाजाचे टिक वर्षाहून अधिक काळ राहिले, तर त्या अवस्थेला आजही त्याचेच नाव देतात. तिचे मूळ हालचालींचे नियमन करणाऱ्या मेंदूतील यंत्रणेत असून आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा आहे. शिंकेपूर्वी नाक हुळहुळावे तशी टिकपूर्वी अनेकांना अस्वस्थता जाणवते. मूल ती क्षणभर दाबू शकते, कायमची नाही. म्हणजे ही खोडही नव्हे आणि पोटातले विषही नव्हे.

आता एक गोष्ट पालकांनी मनावर कोरून ठेवावी. टिक बहुधा पाच ते सात वर्षांच्या सुमारास सुरू होतात, दहाव्या-बाराव्या वर्षी तीव्र होतात आणि पौगंडावस्थेत पुष्कळांच्या बाबतीत ओसरतात. मधल्या काळातही त्यांना भरती-ओहोटी असते. आपण घाबरून उपाय करतो तो भरतीच्या वेळी. ओहोटी येणारच असते. श्रेय मात्र शेवटच्या उपायाला मिळते. एरंडेलाची कीर्ती अशीच वाढली, आणि आजच्या ‘डिटॉक्स’चीही तशीच वाढते आहे.

खरे विष नसतेच असे नाही. शिसे मुलांच्या मेंदूला निश्चित घातक आहे. जुना रंग, काही सुरमे, भेसळीची हळद यांतून ते शरीरात जाऊ शकते. पण त्याचा निवाडा रक्ततपासणीने होतो. धातू काढणारी औषधे साधारणतः रक्तातील शिसे दर डेसिलिटरला ४५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक असल्यास, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. २००५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांच्या एका स्वमग्न मुलाला असे औषध शिरेतून दिले गेले. रक्तातील कॅल्शियम घसरून ते दगावले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. विष काढायला आणलेल्या बाटलीतच विष असू शकते! आणि परंपरेचा दाखला हवा असेल, तर चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात वमनास अयोग्य ठरवलेल्यांच्या यादीत बालकाचाही समावेश आहे.

आहाराविषयी काय? टिक बरे करणारा कोणताही विशिष्ट आहार आजवर सिद्ध झालेला नाही. गव्हाचा खरोखर संशय असेल, तर सीलिअॅक रोगाची तपासणी गहू बंद करण्यापूर्वी करावी. आधी बंद केल्यास तपासणी फसते. ब-६ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा नसांना इजा करतात. गोळ्या मनाने देऊ नयेत. मुलाला चहा देऊ नये. त्यातील कॅफिन झोप उडवते, आणि जेवणासोबतचा चहा लोहाचे शोषण रोखतो. लोह कमी पडलेले शरीर शिसे अधिक शोषते. म्हणून बाजरीची भाकरी, मेथी-बथुआ, डाळ, वर लिंबाची फोड, दूध-दही, वेळेवर जेवण आणि पुरेशी झोप हेच निर्धोक पथ्य. थंडीत गजकेचा एक तुकडा मुलाच्या हातून हिसकावून घेण्याचे कारण नाही.

आपल्या ग्वाल्हेरात तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेची पाने खाल्ली की गळा गोड होतो, अशी समजूत आहे. पाने कोणीही खावीत. गळा मात्र रियाजाने तयार होतो. टिकवरही असा एक रियाज आहे. अस्वस्थतेची चाहूल ओळखायची आणि त्या क्षणी टिकला छेद देणारी दुसरी, सौम्य हालचाल करायची, हे मुलाला शिकवतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, १२६ मुलांच्या अमेरिकन अभ्यासात या पद्धतीने निम्म्याहून अधिक मुले स्पष्टपणे सुधारली. केवळ माहिती आणि धीर मिळालेल्यांत हे प्रमाण पाचातल्या एकाहूनही कमी होते. टिकचा त्रास नसेल, तर नुसती वाट पाहणेही योग्य ठरते. त्रास फार असल्यास औषधेही आहेत. मात्र हालचाली एकाएकी, तापामागोमाग किंवा अशक्तपणासह सुरू झाल्या, तर विनाविलंब डॉक्टर गाठावा.

शिक्षकबंधूंना एवढीच विनंती : अशा मुलाला “थांबव ते” म्हणू नका. लक्ष वेधले की टिक वाढतात. त्याला बाहेर जाऊन येण्याची मुभा द्या आणि वर्गाला हसू देऊ नका.

नातू आज बारा वर्षांचा आहे. टिक गेलेले नाहीत. तो रियाज शिकतो आहे, आणि पोटभर जेवतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी उशिरा दिले : “नाही बाळा, तू काहीच वाईट केलेलं नाहीस. चूक आमची झाली.” कोणताही उपाय घरात आणण्यापूर्वी तो मुलाचे अन्न, झोप आणि मान यांपैकी काय हिरावून घेतो, एवढे पारखून घ्यावे. शब्दाप्रमाणेच औषधही. गुरुजींची ही शिकवण मला फार उशिरा कळली. आपल्याला वेळेवर कळावी, अशी प्रार्थना करून आणि त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.