बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा वेडा म्हणू नका
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही डॉक्टर नाही. गिरणीत साच्यावर उभं राहून आयुष्य गेलं. जे शिकलो ते वाचून आणि चळवळीत. पण आज एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या जव्हार-मोखाड्यात एखाद्याच्या कानात आवाज येऊ लागले, झोप उडाली, तो घरच्यांवरच संशय घेऊ लागला, की आधी भगत गाठतात. कोंबडं जातं, बकरं जातं, कर्ज होतं. गुण आला नाही की त्याला खोलीत कोंडायचं, नाहीतर खांबाला बांधायचं. बौद्ध घरांतही हे घडतं. लाजेनं कुणी बोलत नाही एवढंच. १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा काय नुसत्या भिंतीवर लावायला आहेत?

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी इथं साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मेले. त्यांना पळताही आलं नाही. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधायला बंदी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं-बांधणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

बांधवांनो, हा आजार आहे. साखरेच्या आजारासारखी याचीही गोळी नेमानं घ्यावी लागते. बरं वाटलं म्हणून मनानं बंद केली, की आजार उलटतो. आधी जव्हारच्या कुटीर रुग्णालयात दाखवा, पुढं कुठं जायचं ते विचारून घ्या. ठाण्याला १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. १४४१६ या नंबरवर फुकट सल्ला मिळतो, मराठीत बोलता येतं.

पण औषधानं माणूस बरा झाला तरी आपली जीभ बरी होत नाही. वस्तीतला एक भाऊ उपचार घेऊन सुधारला, कामाला लागला. जयंतीला म्हणाला, मला काहीतरी काम द्या. समितीत आम्हीही होतो. कुणीतरी हळूच म्हणालं, "याचं डोकं फिरलं तर?" आणि आम्ही गप्प बसलो. त्यानंतर तो विहाराची पायरी चढला नाही. त्याच्या बहिणीची सोयरीकही याच बोलण्यापायी मोडली. हा दोष आमचा आहे, आज सर्वांसमोर कबूल करतो.

विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. त्याला वेड लागलं होतं. उपोसथाला कधी यायचा, कधी विसरायचा. तरी बुद्धांनी त्याला संघाबाहेर काढलं नाही. संघानं ठराव करून त्याची अवस्था समजून घ्यावी, असं सांगितलं. पुढं तो बरा झाला, तर बाकीचे भिक्खू वेडाच्या भरात केलेल्या गोष्टी उकरून काढू लागले. तो म्हणे, मला काही आठवत नाही. तरी सोडेनात. तेव्हा बुद्धांनी नियमच घालून दिला, की वेडात घडलेल्याचा दोष बऱ्या झालेल्या माणसावर ठेवायचा नाही. त्याला अमूढविनय म्हणतात. अडीच हजार वर्षांपूर्वी जे संघाला सांगितलं, ते आम्हाला अजून जमू नये?

ज्यांना माणसांनीच लांब उभं केलं, ती आपण माणसं. आपणच आपल्या आजारी माणसाला लांब उभं करायचं?

येत्या पौर्णिमेला आम्ही त्या भावाच्या घरी जाणार आहोत. माफी मागू आणि त्याला सोबत घेऊन येऊ. तो आला की सरकून जागा द्या. एवढीच विनंती.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!