दोर ओढण्याआधी

पावसाळा सरला की सह्याद्रीत भटक्यांची वर्दळ सुरू होते. त्या भटकंतीत गेल्या काही वर्षांत एका निराळ्या वाटेची भर पडली आहे. ही वाट डोंगर चढत नाही, उतरते. आणि उतरते तीही ओढ्याच्याच अंगाने, पाण्याने कापून काढलेल्या अरुंद घळीतून. कुठे धोंड्यांवरून तोल सांभाळत, कुठे कमरेएवढ्या गार पाण्यातून, आणि जिथे कातळ तुटतो तिथे दोरावरून. युरोपात याला कॅनियनिंग म्हणतात, अमेरिकेत कॅनियनीअरिंग. आपल्याकडे यासाठी सर्वांत आधी नाव निघतं ते अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळच्या सांदण दरीचं. रतनगड, अलंग-मदन-कुलंग आणि आजोबाचा डोंगर यांच्या शेजारात जमिनीला पडलेली ही भेग. भिंती दोनशे फुटांच्या वर आणि रुंदी काही ठिकाणी इतकी कमी की तळाला ऊन दिवसातून थोडाच वेळ शिवतं. वरून शिरलेला माणूस कातळटप्पे उतरत उतरत कोकणच्या अंगाला, शहापूर तालुक्यातल्या डेहणे गावाच्या बाजूला बाहेर पडतो. अशा सफरीला पहिल्यांदाच निघालेले लोक विचारतात, कपडे कोणते घालू, पोहता यायलाच हवं का, उंचीची भीती वाटली तर काय. हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण माझं म्हणणं असं आहे, की या सगळ्यांच्या आधीचा एक प्रश्न नवखा माणूस विचारत नाही आणि खरी सुरक्षितता त्याच प्रश्नावर उभी असते. तो प्रश्न म्हणजे, ही सफर आयत्या वेळी कोण रद्द करणार आणि कशावरून?

हा प्रश्न इतका मोलाचा का, हे दोराचं काम कसं चालतं ते पाहिलं की कळतं. घळीतल्या कड्यावर दोर बांधून ठेवून पुढे जाता येत नाही, कारण खाली पुढच्या कड्यासाठी तोच दोर लागणार असतो. म्हणून दोर वरच्या अँकरमधून, म्हणजे पक्क्या आधारातून, असा ओवतात, की शेवटचा माणूस उतरल्यावर खालून एक टोक ओढलं की सगळा दोर खाली यावा. तो दोर खाली पडला की मागची वाट संपली. वर चढून जायला आता काही नाही आणि दोन्ही बाजूंना उभा कातळ. गडावर जाताना पाय भरून आले, आभाळ भरून आलं, तर आपण माघारी फिरतो. घळीत पहिला दोर ओढल्यावर माघार ही गोष्टच उरत नाही. बाहेर पडायचं ते पुढूनच. कसाऱ्याजवळच्या विहीगावच्या किंवा भिवपुरीच्या धबधब्यावर ज्यांनी रॅपलिंग केलं आहे त्यांना वाटतं, हे तर आपण केलेलंच आहे. तो अनुभव उपयोगी खराच, पण तिथे एक कडा उतरला की माणूस बाजूच्या पायवाटेने पुन्हा वर येतो. घळीत तसं नाही. त्यामुळे घळीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय घळीत घ्यायचा नसतोच. तो घळीच्या तोंडाशी, आणि खरं तर आदल्या रात्रीच घ्यायचा असतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. घळीतलं पाणी घळीत पडलेल्या पावसाचं नसतं. ते वरच्या सगळ्या पाणलोटाचं असतं. सडा, पठार, आजूबाजूचे उतार, या सगळ्यांवर पडलेला पाऊस त्या एका चिरेतून वाट काढतो. मोकळ्या माळावर जे पाणी घोट्यापर्यंत पसरलं असतं, तेच हातभर रुंदीच्या जागेत पुरुषभर उंच होतं. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात अँटेलोप कॅनियन नावाची वालुकाश्माची घळ आहे. १९९७ च्या १२ ऑगस्टला तिथे आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटक गेले. घळीपाशी त्या वेळी पाऊस फारसा झालाच नव्हता, तो कित्येक मैल दूर झाला होता. आपल्याकडे लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेही प्रवाहाच्या मधोमध उभे असताना वरून पाणी वाढत आलं म्हणून. ती घळ नव्हती आणि ते कुटुंब दोर घेऊन आलेलं नव्हतं. पण पाणी वागलं ते तसंच. वेगाने वाहणारं अर्धा फूट पाणीसुद्धा मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं. सह्याद्रीत तर पायाखाली शेवाळलेला काळा कातळ असतो, तिथे तेवढंही लागत नाही.

आता यावर पहिला आक्षेप येईल, की मार्गदर्शक कशासाठी घेतला मग? पैसे मोजले, जाणकार माणूस सोबत आहे, पाण्याचा आणि पावसाचा विचार त्याने करावा. हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याचं उत्तर दोन घटना शेजारी ठेवून द्यावंसं वाटतं. २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या साक्सेटबाख या ओढ्यात पर्यटकांचा मोठा जथा उतरला होता, सोबत मार्गदर्शक होते. वरच्या खोऱ्यात वादळी पाऊस झाला, झाडांचे ओंडके घेऊन लोंढा आला आणि २१ जणांचा जीव गेला. त्यांत १८ पर्यटक होते आणि तीन मार्गदर्शक. पुढे २००१ मध्ये तिथल्या न्यायालयाने निष्काळजीपणामुळे झालेल्या या मृत्यूंबद्दल सहा जणांना दोषी ठरवलं. दुसरी घटना १४ सप्टेंबर २०१५ ची, अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानातली. कीहोल नावाच्या लहानशा घळीत सात जण उतरले. सोबत मार्गदर्शक नव्हता. झायनमध्ये पैसे घेऊन अशा सफरी नेण्याला परवानगीच नाही. सकाळी परवाना घेताना पुराची शक्यता त्यांना सांगितली गेली होती. दुपारनंतर पूर आला आणि सातही जण गेले. एका ठिकाणी मार्गदर्शक होते, दुसऱ्या ठिकाणी नव्हते. शेवट दोन्हीकडे एकच झाला. यावरून मार्गदर्शक निरुपयोगी असतो असं मी म्हणत नाही. दोर बांधणं, अँकर तपासणं, अडकलेल्याला सोडवणं ही त्याची विद्या आहे आणि नवख्याने तिच्याशिवाय घळीच्या वाटेला जाऊच नये. पण लोंढ्यापुढे ती विद्या चालत नाही. तिथे उपयोगी पडतो तो फक्त न उतरण्याचा निर्णय.

आणि या निर्णयात नवख्या माणसाचा हात असतो, हे कुणी बोलून दाखवत नाही. शुक्रवारी रात्री मुंबईहून किंवा पुण्याहून गाडी निघते. वीस माणसांनी पैसे भरलेले असतात, रजा टाकलेली असते, गावात जेवण सांगितलेलं असतं. पहाटे आभाळ ढगाळ दिसतं. म्होरक्याच्या मनात शंका येते, पण समोर वीस उत्सुक चेहरे असतात आणि त्यांतले दोघे-तिघे म्हणतात, एवढ्या लांबून आलोय, जाऊ या की. रद्द केलं तर पैसे परत द्यावे लागणार, वर नावाला बट्टा लागणार, की हे लोक घाबरट आहेत. जो रद्द करतो त्याचं नुकसान ठरलेलं असतं. जो जोखीम घेतो त्याचं बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही, आणि त्याची सवय पक्की होत जाते. हे गणित बदलायचं असेल तर ते गिऱ्हाइकानेच बदलायला हवं. पैसे भरतानाच सांगावं, की तुम्ही हवामान पाहून सफर रद्द केलीत तर माझी तक्रार असणार नाही. मग विचारावं, रद्द झाली तर पैशांचं काय, दुसरी तारीख मिळेल का, जवळपास एखादा किल्ला करता येईल का. ज्याच्याकडे याची उत्तरं तयार आहेत त्याने पूर्वी कधीतरी सफर रद्द केलेली आहे, आणि मला तरी अशाच माणसावर भरवसा ठेवावासा वाटेल.

याच ओघात आणखी काही विचारून घ्यावं. मध्येच बाहेर पडायची वाट कुठे आहे, पाणी वाढलं तर चढून थांबायला उंचवटा कुठे आहे? वाहत्या पाण्यात दोर असा बांधणार का, की कुणी मध्येच अडकलं तर वरूनच दोर सैल करून त्याला खाली सोडता येईल? हा शेवटचा प्रश्न नवख्याला फार तांत्रिक वाटेल, पण तो जरूर विचारा. हार्नेसच्या पट्ट्यांमध्ये हालचाल न करता लटकलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो, आणि धबधब्याच्या माऱ्याखाली लटकलेल्याला तर श्वासही धड घेता येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. त्यात अशा सफरी नेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करण्याची तरतूद आहे. तुमच्या आयोजकाची नोंदणी आहे का हे विचारण्यात कसला संकोच? स्वित्झर्लंडने साक्सेटबाखनंतर असे धोकादायक उपक्रम चालवणाऱ्यांना परवाना बंधनकारक करणारा कायदा केला, पण तो लागू व्हायला २०१४ साल उजाडलं. कायदा आपल्या गतीने येतो. गिऱ्हाइकाचा प्रश्न आजच विचारता येतो.

आता स्वतःच्या शरीराबद्दल. माघार नाही म्हटल्यावर एकाची अडचण ही सगळ्यांचीच होते. म्हणून दमा, निखळणारा खांदा, चक्कर येण्याची सवय, चालू असलेली औषधं, पोहता न येणं, यांतलं काहीही लपवू नये. पोहता येत नाही म्हणून कुणी हसत नाही. लाइफ जॅकेट देतात आणि लक्ष ठेवतात, पण ते ठाऊक असेल तरच. दोरावर पहिल्यांदा लटकण्याची जागा घळीतला पहिला कडा असू नये. आधी एखाद्या सरावाच्या कातळावर, जिथे नको वाटलं तर नको म्हणता येतं, तिथे दोन-चारदा उतरून पाहावं. जीन्स घालू नये. ती भिजली की जड होते, वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने शरीराची उष्णता ओढून नेतं, त्यामुळे सांदणसारख्या ठिकाणी जिथे डोहावर ऊन येत नाही, तिथे डिसेंबरात दात वाजतात आणि बोटं कॅराबिनरची कडी उघडेनाशी होतात. बोटं चालेनात की दोरही नीट धरला जात नाही. केस घट्ट बांधावेत, ओढणी, गळ्यातली दोरी, सुटा पट्टा काहीही लोंबतं ठेवू नये. ते डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरावरचा वेग आवरणाऱ्या साधनात, ओढलं गेलं की माणूस तिथेच अडकतो. पाण्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून शिट्टीच्या खुणा उतरण्याआधी पाठ कराव्यात. त्या सगळीकडे सारख्या नसतात. आणि डोहात उडी मारण्याचा मोह आवरावा. गेल्या वर्षी जिथे खोल पाणी होतं तिथे या पावसाने धोंडे आणून टाकलेले असू शकतात.

दुसरा आक्षेप असा, की आपण तर हिवाळ्यात जातो, सांदण पावसाळ्यात बंदच असते, मग पुराची एवढी चर्चा कशाला? अंशतः खरं आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीत सह्याद्रीत लोंढ्याची भीती कमी असते. पण अवकाळी पाऊस आता महाराष्ट्राला नवा राहिलेला नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांतला वळीव दुपारनंतर बघता बघता उभा राहतो. त्यातून कोरड्या दिवसांचे धोके निराळे. वरच्या माणसाच्या पायाने सुटलेला दगड, म्हणून हेल्मेट जेवतानासुद्धा डोक्यावर. कड्याला लटकलेलं आग्या मोहोळ, म्हणून अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. घळीत मोबाइलला रेंज नसते आणि मदत यायची ती आधी गावातूनच येते. डोंगरात बचावकार्य करणारे गिर्यारोहक स्वयंसेवक आपल्याकडे आहेत, फार मोलाचं काम करतात, पण त्यांनाही पोहोचायला तास लागतात. हंगाम सुरक्षित असला तरी माघारीची वाट काही उघडत नाही, आणि माझा सगळा मुद्दा त्या वाटेपाशीच आहे.

काही जण म्हणतील, एवढे प्रश्न विचारत बसलं तर साहसातलं साहस संपलं. साम्रदची माणसं तर त्या दरीत सहज ये-जा करतात. करतात, पण कधी करत नाहीत तेही पाहा. पावसात ती घळीत पाऊल टाकत नाहीत. पलीकडच्या घाटघरला राज्यातला सर्वांत जोरदार पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत गणतात, आणि त्या पाण्याचं काय होतं हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं आहे. त्यांचं धाडस त्या माहितीवर उभं आहे. दोन भिंतींमधून वर दिसणारी आभाळाची निळी पट्टी, पाण्याने घासून गुळगुळीत केलेला कातळ, दोरावर पहिल्यांदा मागे झुकताना पोटात पडणारा खड्डा, यांतलं काहीही प्रश्न विचारल्याने कमी होत नाही. उलट मनात शंका नसली की नजर मोकळी होते.

तेव्हा श्रोतेहो, या हंगामात तुमच्यापैकी कुणी अशी सफर ठरवत असेल, घरातलं कुणी जाणार असेल, तर पैसे पाठवण्याआधी आयोजकाला एक फोन करा. वर पाऊस झाला तर तुम्ही सफर कधी आणि कशावरून रद्द करता, एवढंच विचारा, आणि उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो ते ऐका.