अंतराचा अदमास आणि अंतराचे माप



पालघर तालुक्यातील मुरबे हे गाव समुद्रकाठचे. खाडीपलीकडे सातपाटी, उत्तरेच्या अंगास तारापूर. या किनाऱ्यावरील कोळी बांधवांचे खोली मोजण्याचे जुने माप म्हणजे ‘वाव’. दोन्ही हात पसरले असता एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जे अंतर भरते ते एक वाव, म्हणजे सुमारे सहा फूट. शिसे बांधलेली दोरी पाण्यात सोडावयाची व ती वावांनी मोजावयाची, ही जुनी रीत. आता यांत्रिक होड्यांवर प्रतिध्वनीवरून खोली सांगणारे यंत्र असते. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. तो तळाशी आपटून 0.04 सेकंदात परत आला, तर तळ 30 मीटरांवर आहे, इतका हा सरळ हिशेब.

जमिनीवर हेच काम ‘लेसर रेंजफाइंडर’ नावाचे अंतरमापक करते. भेद एवढाच की, येथे ध्वनीच्या ठिकाणी प्रकाश योजिलेला असतो. प्रकाशाला एक मीटर जाऊन परत येण्यास सेकंदाच्या एक अब्जांशाच्या सातपटीहूनही किंचित कमी काळ लागतो, आणि एवढा सूक्ष्म काळ हे तळहातावर मावणारे यंत्र मोजते. लेसरचा शोध 1960 सालचा. त्यापूर्वी ग्लासगो येथील बार अँड स्ट्राउड या कारखान्याची, दोन टोकांकडून दिसणारी प्रतिमा जुळवून अंतर सांगणारी लांबलचक यंत्रे युद्धनौकांवर असत.

या यंत्राच्या जाहिरातींत बहुधा बंदूक अथवा धनुष्य घेतलेला शिकारी दाखविलेला असतो. ज्या देशांत परवान्याने शिकार चालते, तेथे त्याचा मोठा खप आहे, आणि त्याचे कारण गणिताने स्पष्ट होते. सेकंदाला 60 मीटर वेगाने सुटलेला बाण 20 मीटर जाईपर्यंत सुमारे अर्धा मीटर खाली येतो. 25 मीटर जाईपर्यंत तो पाऊण मीटरहून अधिक खाली आलेला असतो. म्हणजे पाच मीटरांचा अदमास चुकला की बाण सुमारे अर्धा फूट चुकतो. उलट सेकंदाला 800 मीटर वेगाची गोळी 100 मीटरांवर जेमतेम आठ सेंटिमीटर उतरते. तिच्या बाबतीत अंतराची चूक भोवते ती 200–300 मीटरांपलीकडे. सारांश, धनुर्धाऱ्यास जवळचे अंतर काटेकोर हवे, तर बंदूकधाऱ्यास लांबचा पल्ला हवा. चुकीचा दंड मात्र दोन्हीकडे जनावरच भरते. ते मरत नाही, जखमी होऊन रानात शिरते.

जुने यंत्र टाकून नवे घेऊ इच्छिणाऱ्याने प्रथम डब्यावरील आकड्याकडे साशंक दृष्टीने पाहावे. ‘1000 मीटर’ असे छापलेले असते, ते चकचकीत फलकाविषयी असते. झाडाचे अंतर त्याहून कमी पल्ल्यापर्यंतच मिळते, आणि हरणाच्या मऊ, प्रकाश शोषणाऱ्या अंगाचे तर पुष्कळदा निम्म्याहूनही कमी पल्ल्यापर्यंत. धुके, रिमझिम पाऊस व भर दुपारचे ऊन हा पल्ला आणखी घटवितात. मुरबे येथील किनाऱ्यावर उभे राहून यंत्र नांगरलेल्या होडीकडे रोखले तर आकडा उमटेल. मधल्या निवांत पाण्याकडे रोखले तर बहुधा काहीच उमटणार नाही, कारण तिरपा पडलेला किरण पाण्यावरून पुढे निसटतो, मागे फिरत नाही.

दुसरी गोष्ट उताराची. टेकडीवरून 30 अंश खाली पाहताना सरळ रेषेत 40 मीटर भरणारे अंतर क्षितिजसमांतर मोजले तर सुमारे 35 मीटरच असते, आणि नेमासाठी हेच दुसरे अंतर धरावे लागते. ही वजावट आपोआप करण्याची सोय यंत्रात असावी. तिसरी गोष्ट गवताची. पुढच्या काडीचे अंतर न सांगता मागच्या वस्तूचे सांगण्याची योजना नसेल, तर झुडपांच्या प्रदेशात यंत्र फसवील. चौथी गोष्ट आकड्यांच्या उजेडाची. काळे आकडे तिन्हीसांजेला दिसेनासे होतात. तांबूस प्रकाशाचे दिसतात. या सोयी हातच्या यंत्रात असतील, आणि टेपने मोजलेल्या जागेवर ते एका मीटरच्या आत खरे उतरत असेल, तर नव्यावर पैसा खर्चण्याचे प्रयोजन नाही.

परंतु पालघर-बोईसरच्या गृहस्थापुढे याहून मोठा प्रश्न आहे: हे यंत्र येथे कशासाठी घ्यावयाचे? वारली चित्रांत धनुर्धारी शिकारी आजही दिसतो. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी घातली आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची वाटही बंद केली. स्वसंरक्षणासारखे मोजके अपवाद सोडले, तर हौसेच्या शिकारीला या देशात जागा उरलेली नाही. नेमबाजीच्या स्पर्धेतही त्याचे फारसे काम पडत नाही. 2023 साली बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे हे कंपाउंड धनुष्याचे जगज्जेते झाले, ते 50 मीटर या ठरलेल्या अंतरावर.

तरीही आपल्या रानात या यंत्राला एक मोलाचे काम आहे, ते म्हणजे गणती. 2006 पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत वाघाच्या भक्ष्याचाही अंदाज घेतात. ठरलेल्या सरळ रेषेवरून चालत जावयाचे, चितळ वा सांबर दिसले की यंत्राने त्याचे अंतर व होकायंत्राने कोन टिपावयाचा, आणि त्यावरून ते रेषेपासून किती दूर होते हे काढावयाचे. येथे डोळ्यांच्या अदमासावर विसंबून प्रत्येक अंतर पाचांशाने अधिक धरले, तर पाहिलेला टापू तेवढाच मोठा ठरतो व जनावरांची दाटी सुमारे एक षष्ठांशाने कमी भरते. जनावरे तितकीच असतात, कागदावर मात्र रान ओस पडू लागते. अंतर कमी धरले, तर उलट, रिकामे होत चाललेले रान भरलेले दिसते, आणि ही चूक अधिक घातक, कारण तिच्यामुळे राखणदार निर्धास्त होतो.

म्हणून तुंगारेश्वर किंवा तानसा अभयारण्याच्या बाजूस निरीक्षणाची आवड असणाऱ्याने लांब पल्ल्याच्या आकड्यासाठी अधिक किंमत मोजू नये. दाट झाडीत बहुतेक प्राणी 100 मीटरांच्या आतच दिसतात. तेथे झुडपांआडचे खरे अंतर सांगणारे, उताराची वजावट करणारे आणि संध्याकाळी वाचता येणारे साधे यंत्र पुरेसे होते. यंत्रातून दिसलेला प्राणी टिपून घ्यावा आणि जाऊ द्यावा. तेवढ्याने यंत्राची किंमत वसूल होते.